गोल्फचे तंत्र आणि हाताची जाण : दोन शिक्षणग्रंथांचा तौलनिक विचार

प्रस्तावना

चेंडूच्या बहुतेक खेळांत चेंडू खेळाडूकडे येतो व फटक्याचा क्षण तोच ठरवतो. गोल्फमध्ये चेंडू जमिनीवर स्थिर असतो. आरंभ सर्वस्वी खेळाडूच्या स्वाधीन असतो. त्यामुळे विचाराला अवकाश मिळतो आणि शंकेलाही. गोल्फविषयक शिक्षणपर लेखनातील एक जुना वाद येथूनच उद्भवतो : हालचालीची यांत्रिक निर्दोषता महत्त्वाची, की निश्चयाने मारलेला, हाताला उमगलेला फटका? प्रस्तुत लेखात बेन होगन यांचे ‘फाइव्ह लेसन्स’ (१९५७) आणि हार्वी पेनिक यांचे ‘लिटल रेड बुक’ (१९९२) या दोन अमेरिकन ग्रंथांच्या आधारे या वादाची चिकित्सा केली आहे.

होगन : यंत्रवादाची मर्यादा

फेब्रुवारी १९४९ मधील भीषण मोटार-अपघातातून सावरून १९५० ची यू. एस. ओपन जिंकणाऱ्या होगन यांच्या शब्दाला मोठा अधिकार होता. पकड, उभे राहण्याची पद्धत, स्विंगचा पूर्वार्ध व उत्तरार्ध अशी शिस्तबद्ध मांडणी करून त्यांनी दडपणाखालीही न मोडणारा, पुनःपुन्हा तसाच घडणारा स्विंग हे ध्येय ठेवले. साहजिकच हा ग्रंथ यंत्रवादी मानला जातो. परंतु त्यातील सर्वांत प्रसिद्ध भाग पाहिला असता वेगळेच चित्र दिसते. स्विंगची पातळी समजावताना होगन चेंडूपासून खांद्यांपर्यंत तिरपी टेकलेली काच कल्पितात. अँथनी रॅव्हिएली यांच्या रेखाटनाने ती वाचकांच्या मनावर कायमची ठसली. या काचेचा कल खेळाडूची उंची व चेंडूपासूनचे अंतर यांनुसार बदलतो. म्हणजे सर्वांना लागू पडणारे एकच माप येथे नाही. काच फुटू नये अशी शरीराला जाणवणारी कल्पना आहे. तंत्र नेमके सांगू पाहणाऱ्या ग्रंथालाही शेवटी प्रतिमेचा आश्रय घ्यावा लागतो, ही बाब अर्थपूर्ण आहे.

पेनिक : विश्वास आणि त्याची अट

टेक्सासमधील ऑस्टिन येथे दीर्घकाळ शिकवणाऱ्या पेनिक यांचा ग्रंथ छोट्या टिपणांचा आहे. फटक्यापूर्वी मनात लक्ष्याखेरीज काहीही नसावे, हे त्याचे सूत्र. टॉम काइट व बेन क्रेनशॉ हे दोघे त्यांचे शिष्य. मात्र एकाला दिलेला धडा दुसऱ्याने पाहू नये असा त्यांचा कटाक्ष असे. एकाचे औषध दुसऱ्याला बाधू शकते, ही दृष्टी त्यामागे होती. तथापि या ग्रंथाचा अर्थ ‘तंत्र सोडा, भावनेने खेळा’ असा घेणे चूक ठरेल. पकडीविषयी पेनिक विलक्षण काटेकोर आहेत. ज्याचा हात बसलेला नाही, त्याचा निश्चय चुकीलाच बळ देतो.

प्रयोगांचा पुरावा

मानसशास्त्रीय संशोधनातून या प्रश्नावर प्रकाश पडतो. १९९२ मध्ये रिच मास्टर्स यांनी पटिंगवर प्रयोग केला. ज्यांनी नियम पाठ करून कौशल्य मिळवले, त्यांचा खेळ दडपणाखाली अडखळला; नियमांच्या जाणिवेविना शिकलेले त्या मानाने टिकून राहिले. १९९९ मध्ये गॅब्रिएल वुल्फ व सहकाऱ्यांना असे आढळले की, हातांच्या हालचालीकडे लक्ष देणाऱ्यांपेक्षा क्लबच्या गतीकडे लक्ष देणारे नवशिके अधिक अचूक खेळतात. क्लब खाली येण्यास सुमारे पाव सेकंद लागतो. एवढ्या अवधीत जाणीवपूर्वक दुरुस्ती जवळजवळ अशक्य असते. तेथे सूचना आठवणे म्हणजे फटक्यात अडथळा आणणे होय.

१९९५ चा प्रसंग

मृत्युशय्येवरील पेनिक यांनी क्रेनशॉ यांना पटिंगचा एक धडा दिला. २ एप्रिल १९९५ रोजी पेनिक निवर्तले. ५ एप्रिलला गुरूंच्या अंत्यविधीत खांदा देऊन क्रेनशॉ ऑगस्टाला परतले आणि ९ एप्रिलला, वयाच्या ४३ व्या वर्षी, एका फटक्याच्या फरकाने त्यांनी मास्टर्स स्पर्धा जिंकली. एका विजयावरून सिद्धांत सिद्ध होत नाही. शिवाय या कथेला भावुकतेचा रंगही सहज चढतो. तरीही तिचा तपशील बोलका आहे. शेवटची भेटही उपदेशाची नसून तंत्राच्या धड्याची होती. फरक एवढाच की, तो धडा घेणाऱ्याला तो पुन्हा तपासून पाहण्याची गरज उरली नव्हती.

समारोप

होगन आणि पेनिक यांना परस्परविरोधी मानण्याची प्रथा, या विवेचनावरून, टिकत नाही. दोघांचाही मार्ग सरावातून विश्वासाकडे जातो. होगन त्याचा पूर्वार्ध विस्ताराने सांगतात, पेनिक उत्तरार्ध. हानी होते ती पूर्वार्धालाच संपूर्ण मार्ग समजणाऱ्या सामान्य वाचकाची. प्रत्येक चुकीनंतर तो नवा नियम शोधतो आणि जितके अधिक जाणतो तितका चेंडूसमोर अधिक थिजतो. तंत्राची जागा सरावाच्या मैदानावर आहे; चेंडूसमोर उभे राहिल्यावर ते हाताच्या स्वाधीन करावे लागते. काय शिकवावे याइतकेच कोठे थांबावे हे ज्या ग्रंथाला कळते, तोच या खेळाचा खरा शिक्षक ठरतो.