हायकोर्टातलं माकड आणि फेरीत न दिसणारं कोर्ट

तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेट किंवा सेट-नेटच्या तयारीत असतील. 'प्राथमिक साधनं' म्हटलं की कागदपत्रं, नाणी, ताम्रपट, मुलाखती अशी यादी तोंडपाठ असेल. या यादीत 'वास्तू' हा शब्द असतोच, पण तो बहुतेक वेळा शेवटी आणि एकटाच. वास्तू वाचायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे शिकवायला कुणाकडे वेळ नसतो. मग आपण तिथे पर्यटक म्हणून जातो, गाईड सांगतो ते ऐकतो, फोटो काढतो आणि प्रपोजलमध्ये 'क्षेत्रभेट' असं लिहून मोकळे होतो.

आज मुंबईच्या हायकोर्टाच्या इमारतीबद्दल लिहितोय. खरं तर इमारतीबद्दल कमी आणि ती पर्यटकाला जशी सांगितली जाते त्या सांगण्याबद्दल जास्त. पुस्तकाचं परीक्षण असतं तसं हे त्या गोष्टीचं परीक्षण समजा.

आमच्या घिवलीच्या बाजूला पाहण्यासारखी सरकारी वास्तू कुठली, असं कुणी विचारलं तर पंचाईत होते. सगळ्यात मोठी सरकारी इमारत म्हणजे १९६९ पासून चालू असलेलं तारापूरचं अणुशक्ती केंद्र, आणि तिथे कुंपणाच्या आत तिकीट काढून जायची सोय नाही! त्यामुळे 'ऐतिहासिक सरकारी इमारत बघायला जाणं' म्हणजे आमच्याकडे बोईसर गाठायचं, डहाणू लोकल पकडायची आणि चर्चगेटला उतरायचं. ओव्हल मैदान ओलांडलं की समोर हायकोर्ट. २०१८ मध्ये या मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या इमारती, एकीकडे व्हिक्टोरियन गॉथिक आणि दुसरीकडे आर्ट डेको, युनेस्कोच्या यादीत गेल्या. २०२१ मध्ये एमटीडीसीने हायकोर्टाची वारसा-फेरी सुरू केली.

आधी श्रेय देऊन टाकतो. कोर्ट म्हटलं की आपल्याकडे 'शहाण्याने पायरी चढू नये' हेच डोक्यात असतं. नोटीस नाही, वकील नाही, तरीही सामान्य माणसाने हायकोर्टाच्या व्हरांड्यात उभं राहून वर बघावं, ही कल्पनाच चांगली आहे. तक्रार पुढची आहे.

या इमारतीची जी गोष्ट सगळीकडे, म्हणजे माहितीपत्रकांत, वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांत आणि यूट्यूबवर सांगितली जाते, तिचे ठरलेले तुकडे आहेत. पहिला तुकडा आकड्यांचा. कर्नल जेम्स फुलर यांचा आराखडा, एप्रिल १८७१ मध्ये काम सुरू, नोव्हेंबर १८७८ मध्ये पूर्ण. लांबी ५६२ फूट. खर्च १६,४४,५२८ रुपये, म्हणजे मंजूर अंदाजापेक्षा २,६६८ रुपये कमी. हे शेवटचं वाक्य ऐकून सगळे हसतात, कारण अंदाजपत्रकापेक्षा स्वस्तात झालेलं सरकारी काम आपल्यापैकी कुणी पाहिलेलं नाही.

हसा, पण थांबा. हा आकडा कुणी नोंदवला? ज्या खात्याने बांधलं त्याच खात्याने. फुलर स्वतः सरकारी अभियंता. आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण बांधणाऱ्याच्याच दप्तरातून आलेला आकडा आपण दीडशे वर्षं कौतुकाने पुढे पाठवत राहतो आणि अंदाज मुळात किती फुगवलेला होता, मजुरी काय दिली, गवंडी कुठून आले यातलं काही विचारत नाही. सार्वजनिक बांधकाम खात्याचे जुने खंड एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात आहेत, इथून चालत जाण्याच्या अंतरावर. तुमच्यापैकी कुणाला विषय सापडत नसेल तर हा घ्या.

दुसरा तुकडा माकडाचा, आणि तो सगळ्यांचा लाडका. खांबाच्या माथ्यावर एक माकड कोरलेलं आहे, एका डोळ्यावर पट्टी, हातात तराजू, तोही धड न तोललेला. दुसरीकडे वकिलासारखी गळपट्टी घातलेला कोल्हा. का कोरलं? तर म्हणे बांधकामात पैशावरून वाद झाला, एक जण कोर्टात हरला आणि त्याने दगडात सूड उगवला. कुणी सांगतं तो पारशी कंत्राटदार होता, कुणी सांगतं साधा गवंडी.

इथे संशोधक म्हणून दोन मोह होतात. एक, गोष्ट जशीच्या तशी उतरवून घ्यायची. दुसरा, 'पुरावा नाही' म्हणून ती उडवून लावायची. दोन्ही आळशीपणाचे आहेत. गॉथिक इमारतीत खांबांच्या माथ्यावर प्राणी, विचित्र तोंडं, टवाळखोर आकृती असणं यात नवल काहीच नाही. युरोपातल्या चर्चमध्ये त्या आहेत, जवळच्या सीएसएमटीवर तर त्यांची जत्रा आहे. म्हणजे माकडाच्या अस्तित्वासाठी सूडाची गरज नाही. मग सूडाची गोष्ट टिकली का? कारण ती लोकांना हवी होती. कोर्टात हरलेल्या माणसाने कोर्टाच्याच भिंतीवर कोर्टाला वेडावून दाखवलं, हे ऐकायला कुणाला आवडणार नाही? इमारत कशी बांधली याचा तो पुरावा नाही, पण लोकांनी ती इमारत कशी पाहिली याचा नक्की आहे. तुम्ही मौखिक इतिहासावर काम करणार असाल तर कोण, कुणाला, कधी सांगतं आणि कंत्राटदाराचा गवंडी कुठे होतो, हे टिपून ठेवा.

तिसरा तुकडा लोकमान्यांचा, आणि माझी खरी तक्रार इथे आहे. मध्यवर्ती न्यायदालनात, म्हणजे ४६ नंबरच्या कोर्टात, १९०८ चा राजद्रोहाचा खटला चालला. आज बाहेर टिळकांच्या शब्दांची पाटी आहे. माणसं तिथे आपोआप गप्प होतात, काही जण हात जोडतात. भावना समजू शकतो. पण देवळात गेल्यावर प्रश्न विचारायचे नसतात, आणि आपण तर प्रश्न विचारायलाच गेलेलो असतो.

उदाहरणार्थ हे बघा. न्यायमूर्ती दिनशा दावर यांनी टिळकांना सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा दिली, हे सगळे सांगतात. १८९७ च्या राजद्रोह खटल्यात याच दावरांनी बॅरिस्टर म्हणून टिळकांच्या जामिनासाठी युक्तिवाद केला होता आणि जामीन मिळालाही होता, हे फारच थोडे सांगतात. अकरा वर्षांनी तेच गृहस्थ न्यायाधीशाच्या खुर्चीत बसले आणि त्याच माणसाला जामीन नाकारला. 'धैर्यवान टिळक आणि क्रूर न्यायाधीश' या चित्रात हा तपशील बसत नाही म्हणून तो गळतो. माणूस बदलला की खुर्चीने त्याला बदललं, हा प्रश्न त्या दालनात उभं राहून विचारायलाच हवा.

दुसरं, खटला कशावर होता? 'केसरी'तल्या मराठी लेखांवर. 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत'. ज्युरीत नऊ जण, सात युरोपियन आणि दोन पारशी. त्यांच्यासमोर लेख आले ते सरकारी इंग्रजी भाषांतरातून. टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली, एकवीस तासांच्या आसपास बोलले, आणि त्यातला मोठा भाग भाषांतराविषयी होता. या मराठी शब्दाला तुम्ही हा इंग्रजी शब्द का लावला, त्याने अर्थ कुठे नेला. सरकारी अनुवादकाची उलटतपासणी झाली. ज्युरीचा कौल सात विरुद्ध दोन असा पडला. न. चिं. केळकरांनी त्याच वर्षी खटल्याचा सविस्तर अहवाल इंग्रजीत छापला. तो वाचा, कारण पाटीवर फक्त शेवट आहे, मधले दिवस तिथे आहेत.

म्हणजे ज्या दालनात मराठी माणूस हात जोडतो, तिथे एका मराठी लेखकाला शिक्षा झाली ती त्याचं मराठी दुसऱ्या भाषेत नेऊन. बरं, हा फक्त इंग्रजांच्या काळातला प्रकार आहे का? संविधानाच्या ३४८व्या कलमानुसार, वेगळी तरतूद केली नसेल तर, उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीतच चालतं. तालुक्याच्या कोर्टात मराठी चालतं, वर गेलं की इंग्रजी. याच्या बाजूनेही युक्तिवाद आहेत, न्यायाधीश दुसऱ्या राज्यांतून येतात वगैरे. पण आमच्या किनाऱ्यावरून बघा. वाढवण बंदराला डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२३ मध्ये ना-हरकत दिली. मच्छीमारांच्या संघटनांसह इतरांनी त्याला आव्हान दिलं आणि एप्रिल २०२४ मध्ये याच हायकोर्टाने याचिका फेटाळल्या. निकाल बरोबर की चूक हा आजचा विषय नाही. ज्या घरात मांगेली किंवा वाडवळी बोलली जाते, त्या घरातल्या समुद्राबद्दलचा निकाल त्या घरात पोचतो तो कुणीतरी सांगितलेल्या सारांशातून. वारसा-फेरीत भाषेचा हा धागा ओवता आला असता. १९०८ चं दालन त्यासाठी आयतंच आहे.

चौथी गोष्ट आता गोष्टीतली नाही, फेरीच्या रचनेतली आहे. फेरी असते ती कोर्टाला सुट्टी असते तेव्हा. साहजिकच आहे, कामाच्या दिवशी पर्यटकांचे घोळके परवडणार नाहीत. पण परिणाम असा की तुम्ही पाहता ते कोर्ट पक्षकार, कारकून आणि फायलींच्या गठ्ठ्यांशिवायचं. रिकाम्या व्हरांड्यात कमानी फार सुंदर दिसतात. त्याच व्हरांड्यात माणूस आपलं प्रकरण बोर्डावर येईल म्हणून दिवसभर उभा राहतो, तेव्हा त्याची नजर कमानीवर नसते.

इमारतीचा नकाशाही हेच सांगतो. पश्चिमेला, मैदानाच्या बाजूला, दोन अष्टकोनी मनोरे आणि त्यांवर न्याय आणि दया यांचे पुतळे. फोटो याच बाजूचा निघतो. या मनोऱ्यांतले जिने न्यायाधीशांसाठी खाजगी होते. इतरांसाठी मोठा जिना पूर्वेकडे. पुतळे ज्या बाजूला, त्या बाजूचा जिना पक्षकाराचा नव्हे! यात कट वगैरे शोधू नका. न्यायाधीश आणि पक्षकार वाटेत भेटू नयेत हा विचार तसा योग्यच आहे. पण कोण कुठून शिरतं, कुठे थांबतं आणि कुणाला कुठून दिसतं, एवढं पाहिलं तरी शैलीच्या नावापेक्षा जास्त हाती लागतं.

शेवटी एक उपयोगाचं. कोर्ट बघायला वारसा-फेरीच लागते असं नाही. आपल्याकडे न्यायालयाचं कामकाज खुलं असतं, हे तत्त्व आहे, आणि त्याला ही इमारतच साक्षी आहे. १९६४ मध्ये 'ब्लिट्झ'च्या संपादकावरच्या अब्रुनुकसानीच्या दाव्यात एका साक्षीदाराची साक्ष छापू नये असा तोंडी आदेश न्यायमूर्ती तारकुंडे यांनी दिला. नरेश मिरजकर आणि इतर वार्ताहर सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६६ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने तो आदेश टिकवला, पण कोर्ट खुलं असणं हा नियम आणि बंदी हा अपवाद, हेही त्याच निकालात आहे. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांचं भिन्नमत आवर्जून वाचा.

तर सुट्टीची फेरी करा, पण एक दिवस कामाच्या वारीही जा. ओळखपत्र ठेवा, दारावर पास लागेल, सुरक्षारक्षक 'कशासाठी' विचारतील, खरं ते सांगा. मोबाईल बंद. मागच्या बाकावर बसा. पहिला अर्धा तास काही कळणार नाही, इतकं भराभर आणि हळू आवाजात चालतं. वहीत युक्तिवाद उतरवायचा प्रयत्न सोडा. त्याऐवजी बाकांवर बसलेल्यांपैकी वकील नसलेले किती आहेत ते मोजा, आणि त्यांचं प्रकरण संपल्यावर ते बाहेर जाऊन वकिलाला काय विचारतात, कुठल्या भाषेत विचारतात, ते ऐका.