'डेप्थ' नुसती खोली कापत नाही

भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटेचं पाणी पुलावर आलं की रस्ता बंद. नेटवर्कचा भरवसा तर उन्हाळ्यातही नसतो. त्यात गिट क्लोन मध्येच तुटलं की पुन्हा शून्यापासून सुरुवात. म्हणून मोठी रिपॉझिटरी उतरवायची तर सगळे एकच सल्ला देतात: गिट क्लोनला --डेप्थ १ लावा. सल्ला चुकीचा नाही, अर्धा आहे.

माझा पहिला आक्षेप नावावर आहे. डेप्थ म्हणजे इतिहास किती खोलवर आणायचा, एवढंच कुणालाही वाटेल. पण हा ऑप्शन सोबत --सिंगल-ब्रांचही लावून घेतो. मॅन्युअलमध्ये तसं लिहिलंय, पण घाईत ते वाचतो कोण? गाईड सांगतात, "पेपरचा सुधारित कोड वेगळ्या ब्रांचवर आहे." तुमच्याकडे ती ब्रांच दिसतच नाही. मग फेच --अनशॅलो करता, तर फक्त त्या एकाच ब्रांचचा पूर्ण इतिहास येतो! कारण कॉन्फिगमधला फेचचा नियमच एका ब्रांचपुरता लिहिला गेलेला असतो. आधी 'गिट रिमोट सेट-ब्रांचेस ओरिजिन '*'' आणि मग फेच, असं करावं लागतं. क्लोन करतानाच --नो-सिंगल-ब्रांच दिलं असतं तर हा खटाटोप वाचला असता.

ब्रांच नाही हे निदान दिसतं तरी. ब्लेमचं तसं नाही. डेप्थ १ वर गिट ब्लेम चालवा, प्रत्येक ओळ शेवटचा कमिट करणाऱ्याच्या नावावर. एरर नाही, इशारा नाही. हॅशच्या आधी एक बारीकसं '^' तेवढं असतं. दहा जणांनी लिहिलेला कोड प्रबंधात एकाच्या नावावर जायला एवढं पुरेसं आहे. शॉर्टलॉगही तेच सांगणार.

यावर --फिल्टर=ब्लॉब:नन सुचवतात. त्यात सगळ्या ब्रांच आणि कमिटचा इतिहास येतो, जुन्या फायलींचा मजकूर लागेल तेव्हा सर्व्हरवरून येतो. नागपूरला उत्तम. इथे मात्र 'लागेल तेव्हा' नेमकं नेट नसतं, आणि ब्लेम अडकतो.

इथे चालणारा मार्ग जुनाच आहे. चांगलं नेट असलेल्या मित्राला पूर्ण क्लोन करून 'गिट बंडल क्रिएट' --ऑल सकट करायला सांगा आणि ती एक फाईल पेनड्राइव्हवर मागवा. तिच्यावरून थेट क्लोन होतो. मित्र नसेल तर डेप्थ १ पासून सुरू करून फेच --डीपन=२०० असं थोडं थोडं वाढवा; आलेला प्रत्येक टप्पा तुमच्याकडे राहतो.

दुसऱ्याकडून रिपॉझिटरी मिळाली असेल तर आधी 'गिट रेव्ह-पार्स --इज-शॅलो-रिपॉझिटरी' चालवा. उत्तर 'ट्रू' आलं तर ब्लेम आणि शॉर्टलॉगचे आकडे प्रबंधात घेऊ नका.