आउट्रमचे चरित्र आणि खानदेशातील भिल्ल

सीमाप्रांतातील लष्करी अधिकाऱ्याचे चरित्र हा एक ठरीव घाटाचा वाङ्मयप्रकार आहे. अमेरिकेत जॉन फिल्सनच्या १७८४ मधील केंटकीविषयक ग्रंथाने त्याला वळण दिले. त्यात नागरी सेनेतील अधिकारी डॅनियल बून स्वमुखाने बोलतो. लेखणी मात्र फिल्सनची आहे. महाराष्ट्रापुरते पाहता या घाटाचे ठळक उदाहरण म्हणजे फ्रेडरिक गोल्डस्मिड याने १८८० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केलेले जेम्स आउट्रमचे चरित्र होय.

१८२५ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, आउट्रमकडे खानदेशात भिल्लांचे पथक उभारण्याचे काम आले. धरणगाव हे त्याचे ठाणे. नायकांशी संधान बांधून तो एकटा त्यांच्या रानात गेला, त्यांना मुबलक मद्य पाजले, पहाऱ्याविना त्यांच्यात राहिला आणि अखेर पाच जण त्याच्या पदरी आले. हा तपशील त्याच्याच निवेदनातला आहे आणि तो बनावट वाटत नाही. चरित्रकाराने त्यावरून काढलेला अर्थ मात्र तपासून घ्यावा लागतो. वाघाच्या शिकारीतील धाडस पाहून भिल्ल वश झाले, असा त्याचा एकंदर सूर आहे. शिकार हे येथे केवळ वर्णन राहत नाही. तेच राजकीय कारण होऊन बसते.

वस्तुतः कारणे याहून रुक्ष होती. घाटांची व गावांची राखण करून त्याबद्दल हक्क घेणे ही नायकांची जुनी वहिवाट. १८०२ ची होळकरी धामधूम आणि पाठोपाठचा दुष्काळ यांनी ती मोडकळीस आणली. १८१८ नंतर कंपनीने प्रथम दंडुक्याचा मार्ग अनुसरला. तो फसल्यावर एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत माफी, शेतीसाठी तगाई आणि नोकरी असे धोरण ठरले. पथक हा त्या धोरणाचा एक भाग. पाच जणांनी पत्करलेला धोका शिकारीच्या मोहाने पत्करला की नियमित पगाराच्या आशेने, हा प्रश्न चरित्रकाराला पडतच नाही. शेकडो पृष्ठांच्या ग्रंथात आउट्रमच्या मनाचा ठाव घेतला आहे, नायकांच्या मनाचा नाही.

हा दोष केवळ साधनांच्या अभावाचा नव्हे. आउट्रमने १८३० मध्ये ज्या डांगवर स्वारी केली, तेथील भिल्लांच्या मौखिक कथा अजय स्कारिया यांनी १९९९ च्या आपल्या ग्रंथात अभ्यासल्या आहेत. तेथे काळाची विभागणी ‘मोगलाई’ आणि ‘मंदिनी’ अशी आहे: आधी मोकळेपणाने हिंडण्याचा काळ, मग सीमा आखल्या गेल्याचा. ज्याला चरित्रकार ‘शांतता’ म्हणतो, त्याचे स्मरण तेथे मुक्त संचार संपल्याच्या रूपाने उरले आहे. मौखिक कथेतही अतिशयोक्ती असतेच, आणि तिच्यावरून तारखा ठरविता येत नाहीत. पण बाटलीतल्या मद्यापेक्षा तिच्यातून अधिक कळते.

गोल्डस्मिडच्या मांडणीची खरी कसोटी खाज्या नाईक. सेंधव्याच्या घाटाची राखण करण्यासाठी तो सरकारी चाकरीत होता. म्हणजे ज्या उपायाने भिल्ल ‘माणसाळले’ असे सांगितले जाते, त्याच उपायाचा तो लाभार्थी. १८५७ मध्ये तो उलटला आणि एप्रिल १८५८ मध्ये आंबापाणी येथे कंपनीच्या फौजेशी लढला. त्या उठावाच्या काळात आउट्रम लखनौच्या मोहिमेत गुंतला होता, आणि चरित्रही त्याच्या मागोमाग उत्तरेकडे गेले.