‘देवकण’ आणि देव

‘देवकण सापडला!’ २०१२ च्या जुलै महिन्यात अशा अर्थाचे मथळे वृत्तपत्रांतून व दूरचित्रवाणीवरून घरोघरी पोहोचले. विज्ञानाने अखेर देव मान्य केला, असे कुणी हर्षभराने म्हणाले. आता देवाची गरज उरली नाही, असे कुणी तितक्याच हर्षाने म्हणाले. दोघांचाही आधार एकच होता. तो म्हणजे एक फसवे नाव.

वस्तुतः ४ जुलै रोजी जिनिव्हाजवळील ‘सर्न’ संस्थेतील शास्त्रज्ञांनी जे सांगितले ते मोजके होते. दोन स्वतंत्र प्रयोगांत एक नवा कण आढळला असून, १९६४ साली पीटर हिग्ज आदींनी वर्तविलेल्या कणाशी त्याचे साम्य दिसते, एवढेच. तो हिग्ज बोसॉनच होय, असे म्हणण्यास त्यांनी अधिक पडताळणी होऊन मार्च २०१३ उजाडेपर्यंत धीर धरला. हा संयम मथळ्यांत उतरला नाही. या कणामुळेच सर्व वस्तूंना वस्तुमान लाभते, असेही छापले गेले. हिग्ज क्षेत्रामुळे वस्तुमान मिळते ते इलेक्ट्रॉन, क्वार्क यांसारख्या मूलकणांना. आपल्या देहाचे बहुतांश वस्तुमान मात्र प्रोटॉन-न्यूट्रॉनांच्या अंतरंगातील ऊर्जेतून येते.

दोष केवळ वार्ताहरांचा नाही, हेही आम्ही नमूद करतो. ते नाव रूढ झाले लिऑन लेडरमन या नोबेलविजेत्या शास्त्रज्ञाच्या १९९३ च्या पुस्तकामुळे. स्वतः हिग्ज यांना ते रुचले नव्हते. तरीही मथळ्यांनी तेच उचलले, कारण ते खपते.

या संदर्भात आम्हांस बेल्जियमचे धर्मगुरू व शास्त्रज्ञ फादर जॉर्ज लमेत्र यांचे स्मरण होते. विश्वाचा आरंभ एका आदिम अणूपासून झाला, ही कल्पना त्यांनी १९३१ साली मांडली. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी अशा संशोधनात उत्पत्तीच्या सत्याला दुजोरा पाहिला, तेव्हा लमेत्र यांना ते पटले नाही. आपला सिद्धान्त धार्मिक प्रश्नांपासून अलिप्त आहे, अशी त्यांची भूमिका होती. श्रद्धा दृढ असल्यामुळेच त्यांना प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्राची निकड भासली नाही.

धर्मशिक्षणाच्या वर्गात उद्या एखाद्या मुलाने ‘देव खरेच सापडला का?’ असे विचारले, तर त्याला गप्प बसवू नये. काय आढळले, कुणाला आणि किती खात्रीने, हे आधी त्याच्यासोबत वाचावे. जो देव यंत्रात सापडतो, तो पुढच्या प्रयोगात हरवूही शकतो. आपण प्रार्थना करतो ती त्याची नव्हे.