चित्र घडतं तेव्हा

चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचं नाव मराठी वर्तमानपत्रांत येतं ते बहुधा लिलावाच्या बातमीत. २०१३ साली मुंबईतल्या ख्रिस्तीजच्या लिलावात त्यांचं एक चित्र २३.७ कोटींना गेलं, २०२१ मध्ये दुसरं एक जवळपास ४० कोटींना. आकड्याच्या शेजारी ठरलेली दंतकथा असते: दिल्लीत निजामुद्दीनला एकटा राहणारा, झेनचा अभ्यास असलेला, निसर्गदत्त महाराजांकडे ओढला गेलेला अबोल ऋषी. चित्र कसं झालं, हे मात्र कोणी विचारत नाही.

खरं तर ते विचारण्याजोगं आहे. गायतोंडे वर्षाला जेमतेम पाच-सहा कॅनव्हास पूर्ण करत. रोलर आणि पॅलेट नाइफने रंग पसरायचा, थरावर थर द्यायचा, काही भाग उचलून काढायचा. मधले दिवस बघण्यात जात. हे बघणं म्हणजे आळस नव्हता की ध्यानधारणाही नव्हती. ते कामच होतं. १९८४ मध्ये त्यांना अपघात झाला. त्यानंतर मोठा कॅनव्हास काही वर्षं सुटला, तेव्हा त्यांनी कागदावर शाईची लहान रेखाटनं केली. हात बांधले गेले तरी शोध थांबला नव्हता. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४ मध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा शीर्षकातच ‘प्रोसेस’ हा शब्द होता. आपल्याकडे मात्र लोक अजून किमतीपाशीच अडकलेत.

गायतोंडे यांनी स्वतः फारसं लिहून ठेवलं नाही. ती उणीव प्रभाकर बरवे यांनी भरून काढली. अलिबागजवळच्या नागावात जन्मलेल्या, जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या आणि विणकर सेवा केंद्रात नोकरी केलेल्या या चित्रकाराने वर्षानुवर्षं डायऱ्या लिहिल्या. त्यांच्या चित्रांत पान, घड्याळ, शंख-शिंपले अशा साध्या वस्तू येतात. कॅनव्हासवर ते एनॅमल रंग वापरत. वस्तू तिच्या जागेवरून उचलून मोकळ्या अवकाशात ठेवली की तिचं काय होतं, हा त्यांचा सततचा प्रश्न. १९९० च्या ‘कोरा कॅनव्हास’ या पुस्तकात हा प्रश्न ते चित्रकार म्हणूनच सोडवत बसतात, तत्त्वज्ञ म्हणून नाही. त्याची भाषा कुठे कुठे जड होते, हे खरं. पण मराठीत एखाद्या चित्रकाराने स्वतःच्या कामाकडे इतकं शांतपणे, स्वतःचं कौतुक न करता पाहिलेलं दुसरं पुस्तक मला चटकन आठवत नाही.

आपल्याकडे सौंदर्यविचार कमी झाला असं नाही. कवी-समीक्षक मर्ढेकर आहेत, रा. भा. पाटणकरांची ‘सौंदर्यमीमांसा’ आहे. पण ही सारी इमारत मुख्यतः साहित्याच्या अंगणात उभी राहिली. द. ग. गोडसे यांच्यासारखा चित्र आणि रंगभूमी दोन्ही हाताळणारा लेखक अपवादच. २०१३ साली सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांनी संपादित केलेला दृश्यकलेचा चरित्रकोश मोलाचा आहे. मात्र चरित्रकोशाचं काम चरित्र सांगण्याचं. रंग वाळायची वाट बघताना चित्रकाराच्या मनात काय चालतं, हे त्यात शोधायला जाऊ नये.

आज दालनाच्या भिंतीवर ‘आर्टिस्ट स्टेटमेंट’ लागतं. त्यातला बराच मजकूर इंग्रजीत, गुळगुळीत, कोणत्याही चित्राला चालेल असा. स्मृती, विस्थापन, ओळख वगैरे शब्द हाताशी तयारच असतात. अनेकदा हे निवेदन आधी ठरतं आणि चित्र त्याच्या मागून ओढत आणलं जातं. मग चित्र फसत नाही, कारण फसण्याची जोखीमच घेतलेली नसते. अर्थात सगळेच असं करतात असं नाही. पण कला महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या मुलांना असा मजकूर लिहिता येतो आणि स्वतःच्याच चित्रातला एक कोपरा का खोडला हे सांगता येत नाही, तेव्हा दोष मुलांचा कमी, शिकवण्याचा जास्त.

संपादकांनी चित्रकारांकडे आत्मचरित्रं मागणं जरा थांबवावं. त्याऐवजी एकच चित्र निवडायला सांगावं आणि ते कुठे अडलं, कसं सुटलं, किंवा का सुटलंच नाही, हे मराठीत लिहून घ्यावं.