'विनाकारण': ईयोबाच्या सात्त्विकतेविषयी

ईयोबाचे नाव निघाले की आपल्या व्यासपीठांवरून सहनशीलतेचा उपदेश सुरू होतो. याकोबाच्या पत्रात (५:११) त्याच्या धीराचा उल्लेख आहे, हे खरे. परंतु तिसऱ्या अध्यायात आपल्या जन्मदिवसाला शाप देणारा ईयोब निमूट सोसणारा खचित नव्हे. आमच्या मते या ग्रंथाचा मुख्य विषय सात्त्विकता हा आहे, आणि तो उलगडण्यास एक लहानसा इब्री शब्द साहाय्यभूत होतो.

तो शब्द 'हिन्नाम'. त्याचा अर्थ 'फुकट' असा होतो, तसाच 'विनाकारण' असाही. ईयोब देवाचे भय फुकट बाळगतो काय, असे सैतान विचारतो (१:९). पुढे सर्वस्व गेल्यावरही ईयोबाने सात्त्विकता सोडली नाही, हे सांगताना परमेश्वर तोच शब्द योजितो: सैतानाने आपणास त्याच्यावर विनाकारण उठविले (२:३). मोबदल्यावाचून भक्ती संभवते की नाही, याची कसोटी कारणावाचून आलेल्या दुःखातच लागते. स्वर्गातील हे संभाषण ईयोबास ठाऊक नाही. तरी आपल्या जखमा विनाकारण वाढविल्या जात आहेत, असे तो म्हणतो (९:१७). त्याचे गाऱ्हाणे परमेश्वराच्याच साक्षीशी जुळते.

मित्रांना मात्र कारण हवे आहे. सात दिवस व सात रात्री ते मुकाट्याने त्याच्याजवळ बसले, तेवढेच त्यांचे सांत्वन. पुढे कारण सापडेना, तेव्हा अलीफज ते रचितो: तू आपल्या बांधवांचे गहाण विनाकारण ठेवून घेतलेस (२२:६). शब्द तोच, येथे तो खोटा आरोप झाला. आपले तत्त्व टिकावे म्हणून त्याने मित्राची अब्रू खर्ची घातली. ते आरोप मान्य करून शांती विकत घेण्याचे ईयोब नाकारतो (२७:५). याच नकारास आम्ही सात्त्विकता म्हणतो.

अखेर ईयोबाला दुप्पट मिळाले, तेव्हा मित्रांचेच मत खरे ठरले, असा आक्षेप घेतला जातो. तो पोकळ नाही. परंतु क्रम पाहावा. मित्र यथार्थ बोलले नाहीत, ईयोब बोलला, हा निर्णय आधी येतो (४२:७). समृद्धी पुढे, त्याने त्याच मित्रांसाठी प्रार्थना केल्यावर येते (४२:१०). शिवाय ७,००० मेंढरांची १४,००० झाली, तरी पुत्र सातच आणि कन्या तीनच. मेलेल्या दहांचा हिशेब ग्रंथकार पुरा करीत नाही.

पाळक व प्रचारक बंधूंनी याचा विचार करावा. आजाऱ्याच्या बिछान्याशी किंवा लेकरू गमावलेल्या घरी 'हे आमच्यावर का आले?' असे विचारले जाते. तेथे गुप्त पापाची सूचना करणारा उपदेशक अलीफजाचे काम करितो; जन्मांधाविषयीच्या तशाच प्रश्नास प्रभूने स्पष्ट नकार दिला आहे (योहान ९:३). अशा घरी तिसरा अध्याय वगळू नये, आणि त्याबरोबर ४२:७ अवश्य वाचावे.