आतड्यातील कॉक्सिडियन परजीवी : निरीक्षण आणि निष्कर्ष यांतील अंतर

माणूस व पाळीव जनावरे यांच्या आतड्यांतील कॉक्सिडियन परजीवींवरील लेखनात एक विधान वारंवार आढळते. वासरांच्या शेणात आणि लगतच्या रहिवाशांच्या शौचात क्रिप्टोस्पोरिडियमचे ऊसिस्ट, म्हणजे जाड कवचाची संसर्गक्षम अवस्था, दिसले. सबब संसर्ग जनावरांकडून माणसांकडे आला. हे अनुमान कितपत टिकते, याचा विचार येथे केला आहे.

सूक्ष्मदर्शकाचे सामर्थ्य निर्विवाद आहे. पक्व ऊसिस्टच्या अंतर्रचनेवरून प्रजाती ओळखता येते. आयमेरियात चार स्पोरोसिस्ट असतात, सिस्टोआयसोस्पोरा व सायक्लोस्पोरा यांत दोन, तर क्रिप्टोस्पोरिडियममध्ये एकही नसतो. परंतु प्रजातीकडून जातीकडे वळताच हे सामर्थ्य अपुरे पडते. वासरे व माणसे दोहोंना बाधणारी पार्व्हम, मुख्यत्वे माणसांत आढळणारी होमिनिस आणि गुरांतील बोव्हिस या तिन्ही जातींचे ऊसिस्ट सुमारे ५ मायक्रोमीटरचे व दिसण्यास जवळजवळ सारखेच असतात. होमिनिसला स्वतंत्र जातीचा दर्जा २००२ मध्ये मिळाला, तोही प्रामुख्याने जनुकीय पुराव्याच्या बळावर.

अमेरिकेतील मिलवॉकी शहराचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. १९९३ मध्ये तेथे नळाच्या पाण्यातून पसरलेल्या क्रिप्टोस्पोरिडियमने अंदाजे ४,०३,००० लोक आजारी पडले. नद्यांकाठची गुरे, कत्तलखाने आणि मानवी सांडपाणी असे तिन्ही स्रोत प्रारंभी संभाव्य मानले गेले. पुढे रुग्णांच्या जतन केलेल्या नमुन्यांच्या जनुकीय तपासणीत मानवी प्रकार, म्हणजे आजचा होमिनिस, आढळला आणि संशयाची सुई सांडपाण्याकडे वळली.

हा भेद केवळ नामकरणाचा नाही. नेहमीच्या क्लोरिनीकरणाला हे ऊसिस्ट दाद देत नाहीत; म्हणून पाण्याच्या स्रोताचे रक्षण व गाळण यांवर बरीच भिस्त राहते. स्रोत चुकीचा ठरवला, तर दोष गोठ्यावर येतो आणि सांडपाण्याची गळती तशीच राहते.

शिवाय, दोन्हीकडे पार्व्हम सिद्ध झाला तरी संसर्गाची दिशा सिद्ध होत नाही. त्याचे काही उपप्रकार प्रामुख्याने माणसामाणसांतच फिरतात. जनुकीय तपासणीची सोय नसलेल्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील निरीक्षणे यामुळे कमी मोलाची ठरत नाहीत. मात्र अशा लेखाने 'क्रिप्टोस्पोरिडियम आढळला, जात अनिश्चित' एवढेच नोंदवावे आणि समीक्षकांनीही त्याहून अधिक मान्य करू नये.